एकोणीसशे ओळखी आणि एक लाल वायर

३ फेब्रुवारी

ताई,

आठवी नापास हे लिहायची काय गरज होती ते मला अजून कळलेलं नाही, आणि काल फोनवर तू जे म्हणालीस त्याने तर अजिबातच कळलेलं नाही. म्हणे खरं ते लिहिलं. खरं तर मी झोपेत घोरतोही, मग ते का नाही टाकलंस प्रोफाइलवर?

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि पाचव्याला तू फोन आईच्या हातात देतेस. म्हणून आता लिहूनच काढतो. सर्व्हिसच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहितोय, फोटो काढून पाठवीन. अक्षराला हसू नकोस आणि दुकानात कोणाला दाखवू नकोस.

तुला मी कौतुकाने सांगितलं होतं की कामाच्या माणसांची ती साइट आहे ना, तिच्यावर माझं पान बनवून दे. तू दिवसभर दुकानात बसून पोरांचे बायोडाटा टाइप करतेस. काय काय लिहितेस ते मी बघितलंय. ज्याने मामाच्या गोदामात दोन महिने खोकी उचलली त्याला तू ‘मालसाठा व्यवस्थापनाचा अनुभव’ असं लिहून दिलंस, माझ्यासमोर. आणि सख्ख्या भावाला काय, तर ‘शिक्षण आठवी (नापास). लिफ्ट दुरुस्तीत मदतनीस, चार वर्षं.’ कंस पण केलास. नापासाला कंस.

मला हे पान शोभेला नको होतं. परत एकदा सांगतो, कारण तू फोनवर ऐकत नाहीस, भांडी घासत असतेस. परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर फॉर्मवर दोन परवानेवाल्या मेकॅनिकांच्या सह्या लागतात. त्यांनी लिहून द्यायचं असतं की या माणसाला मशीनरूममध्ये एकटं सोडायला हरकत नाही. एक आपल्या कंपनीतला हवा आणि एक बाहेरचा, ज्याने कामाच्या नोंदी बघितल्यात असा. फॉर्म तीस जूनच्या आत. परवाना नाही तर मी जन्मभर दुसऱ्याची पिशवी धरून उभा राहणार.

आमच्या फोरमनला, ज्याला आम्ही मागून गुरगुऱ्या म्हणतो, मी विचारलं. तो पान्याला तेल लावत होता. वर न बघता म्हणाला, “अजून दोन वर्षं.” असं म्हणाला की जणू मी वेळ विचारली. आणि बाहेरचा मेकॅनिक मी कुठून आणू? मला इथे ओळखतं कोण? खोलीतला रंगारी आणि कोपऱ्यावरचा चहावाला.

म्हणून मी आता पान बदललंय. ‘वरिष्ठ लिफ्ट तज्ज्ञ’ लिहिलंय आणि शिक्षणाची ओळच काढून टाकली. रोज जेवणाच्या सुट्टीत शंभर जणांना रिक्वेस्ट पाठवतो. सहाशे झाले पण. बघच तू.

भाऊ

*

९ फेब्रुवारी

धाकटे सरकार,

अक्षराला हसले नाही. ‘तज्ज्ञ’ बरोबर लिहिलंस त्याचं मात्र आश्चर्य वाटलं, रंगाऱ्याला विचारलंस का?

खोकीवाल्या पोराचं सांगते. त्याचा कागद एका कचेरीत एका दिवसासाठी जातो. वाचणाऱ्याला खोकी काय आणि गोदाम काय, काही देणंघेणं नसतं. तुझं पान वाचणारी माणसं तुझ्याच धंद्यातली. ती दोन प्रश्न विचारतील आणि तिसऱ्याला तुझा तज्ज्ञ तोंडावर पडेल. मग ती जी पाठ फिरवतील ती कायमची. म्हणून मी खरं लिहिलं. कंस जरा जास्त झाला, मान्य.

आता तुझ्या सहाशे जणांचं. त्यातल्या किती जणांनी तुला उलट काही विचारलं? तू किती जणांना विचारलंस? नुसतं ‘जोडले गेलो’ म्हणजे काय रे? जिन्यात दोघांचे खांदे लागतात तेव्हाही माणसं जोडलीच जातात. आईला सांगितलं की त्याच्या सहाशे ओळखी झाल्या, तर ती म्हणाली, “एवढ्यांना चहा कोण करणार?” आणि कपडे वाळत घालायला गेली.

तू तिथल्या माणसांच्या पोस्ट वाचतोस का? मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचते. काही लोक फार मनापासून लिहितात. एकाने नुसत्या दाराच्या रोलरवर दोन पानं लिहिली आहेत. मला रोलर म्हणजे काय ते माहीत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं.

चिडू नकोस. फोरमन दोन वर्षं म्हणाला तर त्याला हे विचार की दोन वर्षांत माझ्यात काय बदललेलं तुम्हाला बघायचंय. म्हणजे निदान कळेल तरी.

आईचा गुडघा बरा आहे. पासवर्ड बदलू नकोस, विसरतोस. माझ्याकडे लिहिलेला असू दे.

ताई

*

१२ मार्च

ताई,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं. आता आहे.

आधी वाईट सांगतो. एकोणीसशे ओळखी झाल्या. एकोणीसशे. त्यातल्या परवानेवाल्या चाळीस जणांना मी सहीचं विचारलं. रंगाऱ्याच्या पोराकडून एक छान मेसेज लिहून घेतला होता, तोच सगळ्यांना पाठवला. बत्तीस जणांनी वाचून सोडून दिला. सहा जणांनी अंगठा दाखवला, म्हणजे वर केलेला, पण पुढे काही नाही. एकाने मला विमा विकायचा प्रयत्न केला. एक म्हणाला, “आपण कोण?”

मग मला एक गोष्ट सुचली. साइटवर फोटोंना मान आहे. बोलणाऱ्याला कोणी विचारत नाही, काम दाखवणाऱ्याला विचारतात. म्हणून गेल्या शनिवारी, सात तारखेला, एका सहा मजली इमारतीतलं काम झाल्यावर मी कंट्रोल पॅनलचा फोटो टाकला. ताई, तू बघच तो. आधी त्यात वायरींचा नुसता गुंता होता. मी सगळ्या वायरी विंचरल्यासारख्या सरळ केल्या, पट्ट्या मारल्या, पॅनल आतून पुसलं, खिडकीतून ऊन येईपर्यंत थांबलो आणि मग फोटो काढला. गुरगुऱ्या खाली दाराच्या कुलपाशी बसला होता, जिन्यातून ओरडत होता की झालं का, झालं का. फोटोला चारशे बारा लाइक आले. कोणीतरी लिहिलं, “ही कला आहे.” रंगारी म्हणाला फ्रेम करून लावू.

आणि त्यात एक खडा निघालाच. कोणी म्हातारा आहे, गोल टोपी घातलेला, चाळीस वर्षं लिफ्टमध्ये काढली असं त्याच्या पानावर आहे. त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, “फोटोत डावीकडून चौथ्या आणि पाचव्या स्क्रूमध्ये एक आखूड लाल वायर दिसते. ती कामाची आहे की विसरलेली?”

चारशे बारा लोक छान म्हणतात आणि याला वायर दिसते. काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही. तो म्हणत होता तो जंपर. दाराचं कुलूप तपासताना दार उघडं असूनही लिफ्ट चालावी म्हणून आपण तो तेवढ्यापुरता जोडतो आणि काम झालं की काढतो. काढलाच असणार मी. गुरगुऱ्याने खालून विचारलं पण होतं आणि मी काढला म्हणून सांगितलं होतं. फोटो आधीचा असेल. मी कमेंट डिलीट केली आणि टोपीवाल्याला ब्लॉक केलं. एकोणीसशे ओळखीतून एक गेला, काय फरक पडतो.

आता हा फोटो घेऊन परत सगळ्यांना सहीचं विचारतो. या वेळी कोणी ना कोणी देणारच.

भाऊ

*

१२ मार्च, संध्याकाळी

अरे,

लांबलचक लिहीत नाही. मला लिफ्टमधलं काही कळत नाही, पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू ‘काढला’ असं कुठेच लिहिलेलं नाहीस. ‘काढलाच असणार’ लिहिलंयस. आणि त्याच पत्रात म्हणतोस की काम झाल्यावर फोटो काढला. मग फोटो आधीचा कसा?

लहानपणी तू गॅस बंद केला का विचारलं की असंच म्हणायचास.

उद्या जाऊन बघ. नुसतं बघ. नसेल तर मला शिव्या घाल, मी वाचीन.

ताई

*

२१ मार्च

ताई,

होता.

तुझं पत्र सकाळी वाचलं तेव्हा पहिल्यांदा तुझाच राग आला. कामावर जाताना बसमध्ये पण येतच होता. पण गॅसचं तू मध्ये आणलंस ना, ते टोचत राहिलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्या इमारतीत गेलो.

मला खरं तर स्वतःचं बरोबर आहे हेच दाखवायचं होतं. म्हणून वर मशीनरूममध्ये न जाता आधी चौथ्या मजल्यावर गेलो, ज्या दाराचं कुलूप आम्ही केलं होतं तिथे. लिफ्ट चालू असताना दार जरा जरी उघडलं तर ती जागच्या जागी थांबायला पाहिजे. दारांच्या कुलपांचा तो एकच धडा असतो. मी दार ओढलं. खटका जुना आहे, ओढल्यावर दार चार बोटं सरकलं. आणि लिफ्ट समोरून वर निघून गेली. थांबली नाही. दोरखंड चालताना दिसत होते आणि खाली काळोख.

चौथ्या मजल्यावर लहान मुलांचे दात तपासणारे डॉक्टर आहेत. बाहेर बाकावर एक मुलगी गाल धरून बसली होती. बुटाची नाडी सुटलेली. माझ्याकडे बघत होती की हा दाराशी काय करतोय. बस, एवढंच. बाकी काही झालं नाही. सहा दिवसांत कोणाला काही झालं नाही.

मी जिना धावत चढलो. वर जाऊन आधी मेन बंद केला. पॅनल उघडलं. चौथ्या आणि पाचव्या स्क्रूमध्ये, अगदी टोपीवाल्याने सांगितलं तिथे, माझी लाल वायर. बाकी सगळं इतकं सुंदर होतं ताई. पट्ट्या, सरळ रेषा.

आता तुला खरं सांगतो, कारण आता लपवून काय करू. आम्ही प्रत्येक जण तीन जंपर घेऊन जातो आणि निघताना मोजतो. रोज मोजतो. त्या दिवशी मोजले नाहीत, कारण मी फोटो टाकत होतो. आणि गुरगुऱ्याने खालून “जंपर काढला?” विचारलं तेव्हा मी पट्टी कापत होतो. “काढला” म्हणालो, कारण काढणारच होतो.

मेन बंदच ठेवला आणि फोरमनला फोन केला. “तिथेच थांब” एवढंच म्हणाला. वीस मिनिटांत आला. चौथ्या मजल्यापासून सगळी दारं त्याने स्वतः तपासली, मग वर आला आणि स्टुलावर बसला.

“मी विचारलं होतं.”

“हो.”

“तू काय म्हणालास?”

“काढला.”

“काढला होतास?”

“नाही. काढणार होतो.”

“तुझ्या काढणार होतोने लिफ्ट थांबत नाही.”

ओरडला असता तर बरं झालं असतं. चार वर्षांत रोज गुरगुर ऐकली, त्या दिवशी एकदा पण नाही. पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवलं. आज आठवा. सहीचं विसर आता तू. त्याच्याकडे तोंड वर करून बघायची सोय नाही, फॉर्म कुठला पुढे करतोस.

घरी बसल्यावर पहिल्या दिवशी मी टोपीवाल्याचा ब्लॉक काढला. लिहिलं, “वायर विसरलेली होती. काढली. तुमची कमेंट मी खोडली होती, चुकलो.” पाच मिनिटांत उत्तर आलं.

“कधी काढलीत?”

“काल.”

“म्हणजे सहा दिवस.”

“हो.”

मग आलं, “मला एकदा अकरा दिवस लागले होते.”

मी ते वाचून रडलो. रंगारी भिंतीकडे तोंड करून पडला, झोपला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं की त्या अकरा दिवसांनंतर ते जंपरला स्वतःच्या घराची किल्ली बांधायला लागले. जंपर पॅनलमध्ये राहिला तर किल्ली पण तिथेच राहणार आणि माणूस आपल्याच दारात अडकणार. मोजायला विसरेल, पण घरी जायला कोण विसरतो.

खोलीला एकच किल्ली आहे. रंगाऱ्याला विचारून ठेवलंय.

भाऊ

*

२६ मार्च

माझ्या राजा,

पत्र दुकानात वाचायला घेतलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं. एक बाई अर्ज घेऊन उभ्या होत्या, त्यांना म्हटलं पंधरा मिनिटांनी या.

तू स्वतः गेलास, मेन बंद केलास, फोन केलास. तुला कोणी पकडलं नव्हतं. वायर काढून खिशात घातली असतीस आणि गप्प बसला असतास, तर या जगात एका टोपीवाल्यापलीकडे कोणाला कळलं नसतं, आणि त्याला तर तू ब्लॉक केलं होतंस. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही. तुला घरी बसून हे दिसत नसेल म्हणून लिहितेय.

आईला सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की त्याची चूक झाली आणि त्यानेच सांगितली. तिने विचारलं, “मारलं का कोणी?” नाही म्हटलं. “मग जेवला का?”

जेवलास का?

एक सुचवते, पटलं तर कर. तो फोटो अजून तिथेच आहे आणि अजून लोक छान म्हणतायत. कोणीतरी नवशिका तो बघून शिकत असेल. तुला काय करायचं ते तुझं तू ठरव. शब्द माझ्याकडे मागू नकोस. या वेळी मी लिहून देणार नाही.

ताई

*

२ जून

ताई,

दोन महिने लिहिलं नाही, पण या वेळी तोंड नव्हतं म्हणून नाही. हात रिकामा नव्हता.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तोच फोटो परत टाकला. लाल वायरीभोवती गोल केला आणि खाली लिहिलं, “याला चारशे बारा लाइक आले. यात जंपर राहिला आहे. लिफ्ट सहा दिवस अशी चालली. चूक माझी, फोरमनने विचारलं होतं. मी आठवी नापास आणि मदतनीस आहे, तज्ज्ञ वगैरे नाही.” इमारतीचं नाव घातलं नाही. टाकलं आणि फोन रंगाऱ्याच्या ब्रशच्या डब्यात ठेवून दिला, बघायची हिंमत नव्हती.

त्या आठवड्यात दीडशे जणांनी मला काढून टाकलं. कंपनीच्या मालकाने बोलावून विचारलं, अक्कल गहाण टाकली का? पोस्ट काढ म्हणाले. फोरमन बाजूला उभा होता. तो म्हणाला, “राहू दे साहेब, आपल्या बाकीच्यांनी पण वाचू दे.” मालक काय समजले कोण जाणे, विषय संपला.

पण ताई, मग मेसेज यायला लागले. कमेंट नाहीत, आतून, एकेकट्याचे. एक बाई आहेत, मोठ्या रुग्णालयाच्या लिफ्ट बघतात, त्यांनी लिहिलं की त्यांचा पाना एकदा लिफ्टखालच्या खड्ड्यात राहिला होता आणि त्या अजून स्वप्नात तो शोधतात. एकाने विचारलं की जुन्या खटक्याला तुम्ही पुढे काय केलंत. विचारलं, ताई. मला. मी तीन फोटो काढून उत्तर पाठवलं. त्याने त्यात चूक काढली आणि ती बरोबर होती.

मग मी बसून यादी बघितली. एकेका नावावर थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, हा माणूस काय काम करतो मला माहीत आहे का? याला माझं माहीत आहे का? माहीत नसेल तर काढायचं. तीन रविवार लागले. आता एकोणीसशेचे एकसष्ट राहिलेत. या एकसष्टातल्या कोणाचंही नाव घे, मी सांगतो तो काय करतो आणि त्याला कशाचा कंटाळा आहे.

टोपीवाल्या काकांना दर रविवारी आठवड्याच्या नोंदी पाठवतो. काय बिघडलं होतं, मी काय समजलो, काय निघालं, जंपर किती लावले, किती काढले. ते शाळेतल्या मास्तरांसारख्या खुणा करून परत पाठवतात. फरक एवढाच की हे मला कळतं. मागच्या रविवारी मी धीर करून सहीचं विचारलं. तर ते म्हणाले, नोंदी बघितल्यात, देईन. पुढे म्हणाले, “जानेवारीत तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच तुमचं पान लक्षात ठेवलं होतं, म्हणून तो फोटो नीट बघितला. एरवी एवढे फोटो कोण बघतो?”

ताई, जानेवारीत मी त्यांना पत्र लिहिलेलं नाही. जानेवारीत मला ते माहीतसुद्धा नव्हते. मी नुसतं ‘हो काका’ म्हटलं. पासवर्ड दोघांकडेच आहे.

काय ते सांग.

भाऊ

*

५ जून

अरे,

पकडलंस.

जानेवारीत पान बनवलं तेव्हा मी आठ-दहा दिवस ती साइट वाचत बसले. वाचता वाचता अकरा माणसं निवडली. जी काम कसं केलं ते लिहितात, किती मोठं केलं ते लिहीत नाहीत, अशी. प्रत्येकाचं लिहिलेलं वाचून प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं. सही मागितली नाही, काहीच मागितलं नाही. एकेक प्रश्न विचारला. टोपीवाल्यांनी जंपरला किल्ली बांधण्याबद्दल लिहिलं होतं. मी विचारलं, “पण किल्लीच हरवली तर?” अकरातल्या चौघांनी उत्तरं दिली. त्यांनी सगळ्यात लांब दिलं. त्यांच्या बायकोकडे दुसरी किल्ली असते आणि ती विचारते की पहिली कुठे.

सगळ्या पत्रांच्या खाली तुझं नाव घातलं आणि उत्तरं वाचून झाली की तुझ्या पानावरून सगळं पुसून टाकलं. बहिणीने भावासाठी लिहिलेलं पत्र कोण वाचतं असं वाटलं. आणि आणखी एक, ते पण सांगते. दिवसभर लोकांच्या खोक्यांना गोदामं म्हणून टाइप करायचं, आणि संध्याकाळी एखाद्याला खरोखर जे विचारावंसं वाटतं ते विचारायचं. मला ते आवडलं. तुझं काम म्हणून सुरू केलं आणि नंतर माझ्यासाठीच करत राहिले.

पण तुला खरं लिही खरं लिही म्हणून छळलं आणि स्वतः तुझं नाव लावून लिहीत होते. तुला फेब्रुवारीत सांगायला हवं होतं. पासवर्डची थाप मारली.

आता ते जी सही देतील ती अर्धी माझ्या पत्रावर आहे. तू त्यांना सांगितलंस आणि त्यांनी हात मागे घेतला, तर तुझं वर्ष जाईल आणि ते माझ्यामुळे. नाही सांगितलंस तर कोणाला कळायचं नाही. मी तुला काहीच सांगत नाही. या बाबतीत मला बोलायचा हक्क उरलेला नाही.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “दोघांचे कान धरायला माझे हात पुरले असते, पण एक लांब आहे.”

ताई

*

२४ जून

ताई,

दोन दिवस तुझ्यावर जाम चिडलो होतो. रंगाऱ्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, म्हटलं बघ, ही माझी बहीण. तो म्हणाला, “मला एखादी अशी फसवणारी असती तर मी आतापर्यंत ठेकेदार झालो असतो.” त्याच्याशी पण दोन दिवस बोललो नाही.

मग सांगितलं काकांना. फोन केला, पहिल्यांदाच. लिहून सांगितलं असतं तर ‘काढणार होतो’सारखं काहीतरी लिहिलं असतं. म्हटलं, काका, जानेवारीतलं पत्र माझं नाही, बहिणीचं आहे. मला तेव्हा किल्लीचं काही माहीत नव्हतं. सही द्यायची नसेल तर मी समजेन.

ते हसायला लागले. म्हणाले, “त्या पत्रात ‘कृपया’ तीनदा होतं. तुमच्या तीन महिन्यांच्या मेसेजमध्ये एकदा पण नाही. मला मार्चमध्येच कळलं होतं.” मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, “तुम्ही सांगता का ते बघत होतो. सही नोंदींवर देतोय, पत्रावर नाही. पण बहिणीला सांगा, चाळीस वर्षांत किल्ली हरवली तर काय हे मला कोणी विचारलं नव्हतं. आणि यापुढे तिच्या नावाने लिहू दे म्हणावं. उत्तर देईन.” तर आता तूच लिही त्यांना. पासवर्ड मी बदलला आहे, तुझं पान तू स्वतः बनव. बायोडाटा लिहिणाऱ्यांची पण माणसं असतात तिथे, मी बघितली.

एक सही आली. राहिली दुसरी. फॉर्म मी आठ दिवस पिशवीत घेऊन फिरत होतो. परवा जेवणाच्या सुट्टीत फोरमनच्या समोर ठेवला आणि तू फेब्रुवारीत सांगितलेलं तेच विचारलं. म्हटलं, दोन वर्षं म्हणालात, तर दोन वर्षांत माझ्यात काय झालेलं बघायचं होतं?

तो डबा खात राहिला. सगळा संपवला, डबा धुतला, पुसला. मग म्हणाला, “एकटं सोडायचं म्हणजे काय माहीत आहे? चुकणार नाही असा माणूस मी बघितलेला नाही. चुकल्यावर मला फोन करेल की नाही, एवढंच बघायचं असतं. ते कळायला दोन वर्षं लागतात, म्हणून दोन म्हणालो होतो.” आणि पेन मागितलं. माझ्याकडे नव्हतं. चहावाल्याकडून आणलं.

फॉर्मवर शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा असते. त्याने लिहिलं, “जंपर विसरला होता. स्वतः परत गेला, स्वतः कळवलं. एकटं सोडायला हरकत नाही.” मी म्हटलं, पहिलं वाक्य लिहायलाच हवं का? तर गुरगुरला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा. इतकं बरं वाटलं की विचारू नकोस.

फॉर्म काल भरला. परीक्षा ऑगस्टमध्ये आहे. तिथे लिहायचं पण असतं, तेव्हा पास होईनच असं म्हणत नाही. रुग्णालयवाल्या बाई रविवारी एक तास फोनवर शिकवणार आहेत. फॉर्मवर शिक्षणाची ओळ होती, तिथे मी आठवी नापास लिहिलं. कंस केला नाही.

आता लिहायला बसलोच आहे तर हे पण सांगून टाकतो. दर महिन्याला मी बारा हजार पाठवतो ते सगळे माझे नसतात. दोन-अडीच हजार रंगाऱ्याकडून घेऊन आकडा गोल करतो, पुढच्या महिन्यात परत देतो आणि परत घेतो. इथे बरं चाललंय असं तुम्हाला वाटावं म्हणून. या महिन्यात परीक्षेची फी भरली आणि रंगाऱ्याचं सगळं देऊन टाकलं. आई आकडा बघून काळजी करेल, तिला नीट सांग की पोरगा जेवतो, कामावर जातो, काही लपवत नाही आणि यापुढे जेवढे असतील तेवढेच येतील. आज सात हजार तीनशे चाळीस पाठवले आहेत.